क्योतोतील दुभाषी आणि वसईचा संत



परदेशी जाऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न ठरलेला असतो, "काय आणलंस?" कोणी चॉकलेट आणते, कोणी घड्याळ, कोणी फोटोंनी भरलेला मोबाईल. आमच्या वडोदऱ्यात तर हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. महाराज सयाजीराव गायकवाड आणि महाराणी चिमणाबाई १९१० साली जपानला जाऊन आले होते. महाराज जिथे जात तिथून आपल्या राज्याच्या उपयोगाचे काही ना काही घेऊन येत. कमाटीबागेतले १८९४ साली पूर्ण झालेले म्युझियम पाहिले की याची साक्ष पटते. तिथे जपानी वस्तूही आहेत. महाराणींनी काय आणले? १९११ साली त्यांनी एस. एम. मित्र यांच्यासह भारतीय स्त्रियांच्या स्थितीवर एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. इतर देशांतल्या स्त्रिया काय शिकतात, कोणते उद्योग करतात, कशा संस्था चालवतात आणि त्यातले आपल्या बायकांना काय घेता येईल, याचा विचार त्यात आहे. म्हणजे नवरा-बायको जग पाहायला गेले आणि इतरांच्या कामाचे काही घेऊन परतले.

आम्ही दोघे काही राजाराणी नाही. माझे यजमान कोयलीच्या रिफायनरीतून निवृत्त झालेले, मी धर्मग्रामाच्या रुग्णभेट गटात काम करणारी. पण गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस आम्हीही जपानला, क्योतो शहरात आठ दिवस जाऊन आलो. मी तिथून काय आणले, ते आज तुम्हांला सांगायचे आहे.

माझे माहेर वसईचे. लग्न होऊन वडोदऱ्यात आले तेव्हा मला घरची कादोडी येत होती, शाळेतली मराठी येत होती आणि गुजराती म्हणाल तर एक शब्द नाही. शेजारच्या बेनने मला भाजीवाल्याशी बोलायला शिकवले. यजमान लहानपणापासून इथलेच, त्यामुळे त्यांचे जेवण अर्धे वसईचे, अर्धे गुजरातचे. लग्नाला पस्तीस वर्षे झाली म्हणून मुलांनी या प्रवासाची तिकिटे काढून दिली. "एवढा खर्च कशाला? त्या पैशात कोणाची तरी फी भरली असती," असे मी म्हणाले. मुलगी म्हणाली, "आई, प्रभूने शिष्यांनासुद्धा बाजूला जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगितलं होतं. मार्क, अध्याय सहा. तूच शिकवलंस." आपल्याच तोंडचे वचन आपल्याला ऐकवले की माणूस गप्प बसतो.

विमान मुंबईहून होते. वडोदऱ्याहून गाडीत बसलो. वसई रोड आले तसा माझा भाऊ फलाटावर उभा दिसला. गाडी थांबली तेवढ्यात त्याने सुकेळीचे दोन पुडे खिडकीतून हातात दिले. बॅगेत यजमानांचे थेपले आणि खाखरे होतेच, त्यात राजेळी केळ्यांची सुकेळी गेली. भाऊ म्हणाला, "आपल्या गोन्सालोच्या गावाला चाललीस, त्याला माझा नमस्कार सांग." मी हसून हो म्हटले. वसईत वाढलेल्या प्रत्येक ख्रिस्ती मुलाला संत गोन्सालो गार्सिया माहीत असतो. त्याच्या नावाचे चर्च आहे, कॉलेज आहे. पण नाव माहीत असणे वेगळे आणि त्या माणसाची गरज पडणे वेगळे.

क्योतो हे जुने राजधानीचे शहर. पहिले तीन दिवस आम्ही सगळे प्रवासी करतात तेच केले. कियोमिझू मंदिराचा डोंगरकड्यावर उभा असलेला लाकडी सज्जा पाहिला. तो तेरा मीटर उंच आहे, १६३३ साली बांधलेला, आणि त्याच्या लाकडी सांगाड्यात एकही लोखंडी खिळा नाही, असे सांगतात. फुशिमी इनारीच्या डोंगरावर हजारो भगव्या कमानींखालून यजमान चढले आणि मी अर्ध्यातून खाली येऊन बसले. सोन्याने मढवलेले किंकाकुजी पाहिले. ते १९५० साली जळाले होते आणि १९५५ मध्ये पुन्हा जसेच्या तसे उभे केले गेले. लाल मेपलच्या पानांखाली आमचा फोटो एका आजोबांनी काढून दिला. जेवणाची काही पंचाईत झाली नाही. भात आणि मासळी मिळाल्यावर वसईच्या मुलीला आणखी काय हवे? यजमान मात्र रात्री खोलीवर येऊन खाखरा फोडत.

शहर शिस्तीचे आणि शांत. सिटी बसमध्ये मागच्या दाराने चढायचे, उतरताना पुढे चालकाजवळच्या डब्यात दोनशे तीस येन टाकायचे. बसमध्ये कोणी मोठ्याने बोलत नाही. ही शांतता मला पहिल्या दिवशी आवडली. तिसऱ्या दिवशी ती जड वाटू लागली. माझे यजमान वडोदऱ्यात चार भाषा बोलतात, रिक्षावाल्यापासून कलेक्टर कचेरीपर्यंत कोणाशीही गप्पा मारतात. क्योतोत ते बोटाने दाखवत होते, हसत होते, मान हलवत होते. पाटी वाचता येत नाही, विचारता येत नाही, कोणी प्रेमाने काही सांगितले तर कळत नाही. पासष्टी गाठत आलेला माणूस दोन वर्षांच्या मुलासारखा होऊन जातो.

फक्त एका ठिकाणी असे वाटले नाही. रविवारी आम्ही कावारामाची भागातील संत फ्रान्सिस झेवियर कॅथेड्रलमध्ये मिस्सेला गेलो. आपल्या गोव्यात ज्यांचे शरीर ठेवले आहे, तेच झेवियर. जानेवारी १५५१ मध्ये ते थंडीत चालत क्योतोला आले होते. सम्राटाची भेट मिळाली नाही आणि जेमतेम अकरा दिवसांत त्यांना परत फिरावे लागले. त्यांच्या नावाच्या त्या चर्चमध्ये मिस्सा जपानी भाषेत होती. शब्द एकही कळला नाही, तरी आम्ही कुठे आहोत हे प्रत्येक क्षणी कळत होते. उभे राहायचे, बसायचे, गुडघे टेकायचे, सगळे ओळखीचे. शांतिचिन्हाच्या वेळी शेजारच्या बाईंनी हात जोडून मान लवविली, तशीच मीही लवविली. मी यजमानांना म्हटले, "बघा, इथे दुभाषी लागला नाही." दुसऱ्याच रात्री आम्हांला दुभाषी लागणार होता.

सोमवारी रात्री एकच्या सुमारास यजमान उठून बसले. डाव्या कुशीत कळ येत होती. आधी वाटले, खाण्यातून काही झाले असेल. अर्ध्या तासात ते पलंगाची कड धरून वाकले, घामाने भिजले, उलटी झाली. मुतखड्याची कळ ज्याने पाहिली आहे त्याला वेगळे सांगायला नको. पण आमच्या बाबतीत एक गोष्ट निराळी आहे. यजमानांना मूत्रपिंड एकच आहे. २००९ साली त्यांनी एक मूत्रपिंड आपल्या मोठ्या भावाला दिले. माझे दीर आजही देवाच्या कृपेने बरे आहेत. पण राहिलेल्या त्या एका मूत्रपिंडाला जपायचे, काही वेदनाशामक औषधे त्याला चालत नाहीत, लघवी अडली तर थांबायचे नाही, हे डॉक्टरांनी आम्हांला तेव्हाच बजावले होते.

हॉटेलच्या तरुण मुलाने ११९ नंबर फिरवला. रुग्णवाहिका लगेच आली. त्यांच्याकडे भाषांतर करणारे टॅब्लेट होते. वय, नाव, रक्तदाबाच्या गोळ्या, सगळे त्यावर नीट झाले. इस्पितळात रात्रपाळीचे तरुण डॉक्टर आले. त्यांना थोडे इंग्रजी येत होते. मी म्हटले, "वन किडनी." ते म्हणाले, "येस, येस, वन साईड," आणि यजमानांच्या डाव्या बाजूला हात लावला. त्यांना वाटले, मी सांगते आहे की एका बाजूच्या मूत्रपिंडात दुखते. मी टॅब्लेटवर हिंदीत बोलले. त्यातून काय निघाले कोण जाणे, डॉक्टरांनी पुन्हा डाव्या बाजूकडे बोट दाखवून मान डोलावली. त्यात त्यांचा काही दोष नव्हता. ते माझेच वाक्य मला प्रेमाने परत देत होते. पाठीमागे परिचारिका दुखणे थांबवायचे औषध तयार करत होती. कोणते औषध, ते मला वाचता येत नव्हते.

बंधू-भगिनींनो, मी बरीच वर्षे इस्पितळांत जाते. रुग्णाच्या खाटेपाशी बसून प्रार्थना करायची मला सवय आहे. त्या रात्री माझ्या तोंडून प्रार्थनेचे शब्द निघेनात. मी फक्त हिंदीत एकच वाक्य पुन्हा पुन्हा मोठ्याने म्हणत राहिले, "एक ही है, दूसरी नहीं है, एक ही है."

दाराबाहेरून चादरींची गाडी ढकलत एक मुलगी चालली होती. ती थांबली. आत डोकावून म्हणाली, "आंटी, आप इंडिया से हैं? क्या एक ही है?"

ती नेपाळची होती. तिथे रुग्णांची अंघोळ, कपडे, जेवण असे मदतनिसाचे काम करत होती. मी यजमानांच्या पाठीच्या उजव्या बाजूला हात ठेवून सांगितले, "इधर की किडनी भाई को दी है. अब एक ही है. दर्द की सब दवा नहीं चलती." ती तशीच डॉक्टरांकडे वळली आणि जपानीत बोलली. दोनच वाक्ये असतील. डॉक्टर ताडकन उठले. त्यांनी तिला पुन्हा विचारले, तिने पुन्हा सांगितले. त्यांनी परिचारिकेला हात करून थांबवले, औषध बदलले आणि लगेच रक्त तपासायला आणि स्कॅनला पाठवले. सगळी धावपळ सुरू झाल्यावर त्यांनी त्या मुलीला आणखी काहीतरी विचारले. ती म्हणाली, "पूछ रहे हैं, भाई ज़िंदा हैं?" मी हो म्हटले. त्या डॉक्टरांनी वेदनेने तळमळणाऱ्या माझ्या यजमानांपुढे कमरेत वाकून नमस्कार केला.

खडा मूत्रनलिकेत अडकला होता. सकाळी नळी घालून त्यांनी लघवीचा मार्ग मोकळा केला. रक्ताचे आकडे दुसऱ्या दिवशी उतरले. तिसऱ्या दिवशी घरी, म्हणजे हॉटेलवर, जायची परवानगी मिळाली. मूत्रपिंड एकच आहे हे स्कॅनमध्ये डॉक्टरांना दिसलेच असते, पण औषध त्याआधी दिले जाणार होते. मधल्या त्या दहा मिनिटांत दोन वाक्ये बोलणारे कोणीतरी हवे होते, आणि देवाने चादरींची गाडी ढकलणारी मुलगी पाठवली.

दुसऱ्या संध्याकाळी ती पाळी संपवून यजमानांना पाहायला आली. मी तिला सुकेळीचा एक पुडा दिला. तिला ते फार आवडले. मी विचारले, "बेटा, जपानी कशी शिकलीस?" ती हसून म्हणाली, "रोते रोते, आंटी." हिंदी तिला सिनेमांतून आलेली. जपानी ती काठमांडूत थोडी शिकली होती, पण खरी शिकली इथल्या म्हाताऱ्या रुग्णांकडून. म्हणाली, "सगळ्यांत आधी दुखण्याचे शब्द शिकले." जपानीत दुखण्याला वेगवेगळे शब्द आहेत. ठणकत असेल तर झुकीझुकी, टोचत असेल तर चिकुचिकु, डोके घणाघणा वाजत असेल तर गानगान. म्हातारी माणसे रात्री असे बोलतात आणि नुसते "दुखते" एवढेच कळले तर काय करावे ते समजत नाही, म्हणून तिने ते शब्द एका वहीत लिहून पाठ केले. मी म्हटले, आमच्या मराठीतही असेच आहे, ठणका वेगळा, कळ वेगळी, ठुसठुस वेगळी. तिने लगेच विचारले, "ठुसठुस मतलब?" आणि वही काढली.

ती ख्रिस्ती नव्हती. तिने मला प्रभूविषयी काही सांगितले नाही, मीही त्या वेळी तिला काही सांगितले नाही. पण ती गेल्यावर मला भावाचे शब्द आठवले. गोन्सालोला नमस्कार सांगायचा राहिला होता.

संत गोन्सालो गार्सिया यांचा जन्म १५५६-५७च्या सुमारास वसईत झाला. वडील पोर्तुगीज, आई आपल्या कोकणातली. किल्ल्यातल्या जेझुइट धर्मगुरूंच्या हाताखाली ते शिकले आणि पंधराएक वर्षांचे असताना, १५७२च्या सुमारास, धर्मगुरूंबरोबर जपानला गेले. तिथे ते जपानी भाषा भराभर शिकले आणि धर्मशिक्षणाच्या कामात मदत करू लागले. जेझुइट संघात प्रवेश मिळावा अशी त्यांची फार इच्छा होती. तो मिळाला नाही. मग त्यांनी व्यापार केला, त्यात चांगला जम बसवला, आणि पुढे मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले. १५९३ मध्ये फादर पेद्रो बाप्तिस्ता फिलिपाइन्सच्या गव्हर्नरचे दूत म्हणून जपानला निघाले तेव्हा त्यांना बोलणारा माणूस हवा होता. गोन्सालो पुन्हा जपानला गेले, ते दुभाषी म्हणून. जपानचा त्या वेळचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे फादरांचे शब्द त्यांनी जपानीत सांगितले. नंतर क्योतोत फ्रान्सिस्कनांनी चर्च उभारले आणि कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ चालवले.

ते धर्मगुरू नव्हते. ते कधी वेदीवर उभे राहिले नाहीत. त्यांच्याजवळ जे होते ते एवढेच, की एका परक्या देशातल्या माणसांची भाषा त्यांनी कोवळ्या वयात मन लावून शिकली होती.

डिसेंबर १५९६ मध्ये हिदेयोशीच्या हुकमाने क्योतो आणि ओसाका येथील ख्रिस्ती लोकांना पकडण्यात आले. ३ जानेवारी १५९७ रोजी चोवीस जणांना क्योतोतील इचिजो मोदोरीबाशी नावाच्या पुलाजवळ आणून प्रत्येकाच्या डाव्या कानाचा तुकडा कापला. मग शहरातून धिंड काढली आणि भर हिवाळ्यात नागासाकीपर्यंत, सुमारे आठशे किलोमीटर, नेले. वाटेत आणखी दोघे त्यांना मिळाले. ५ फेब्रुवारीला नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसांवर चढवून भाल्यांनी मारले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट आणि सतरा जपानी प्रापंचिक होते. सर्वांत लहान, लुईस इबाराकी, बारा वर्षांचा होता. १६२७ मध्ये त्यांना धन्यवादित आणि १८६२ मध्ये संत घोषित करण्यात आले. भारतात जन्मलेल्यांपैकी संतपदाला पोहोचलेले पहिले ते आपले वसईकर गोन्सालो. ख्रिस्तसभा ६ फेब्रुवारीला संत पॉल मिकी आणि त्यांच्या सोबत्यांचा सण पाळते, त्या सोबत्यांत ते आहेत.

नागासाकी आमच्या बेतात नव्हते, आणि आता तर प्रश्नच नव्हता. पण परतीच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी थोडे फिरायला हरकत नाही म्हटले, तेव्हा आम्ही होरिकावा रस्त्याने जाणाऱ्या सिटी बसने त्या पुलापाशी गेलो. मोदोरीबाशी म्हणजे परतीचा पूल. जुनी गोष्ट अशी की, इथून एका वडिलांची प्रेतयात्रा चालली होती. दूर गेलेला मुलगा धावत आला, त्याने प्रार्थना केली आणि वडील पुन्हा जिवंत झाले. म्हणून लग्नाच्या वऱ्हाडाने या पुलावरून जायचे नाही, कारण नवरीने परत यायला नको. आणि महायुद्धात सैनिक मुद्दाम इथे येत, कारण त्यांनी परत यायला हवे होते. आजचा पूल १९९५ साली नव्याने बांधलेला आहे. लहानसाच आहे. खाली ओहोळाएवढे पाणी आणि दोन्ही बाजूंनी चालायची वाट. एखाद्या प्रवाशाने थांबून फोटो काढावा असे तिथे फारसे काही नाही.

आम्ही कठड्याला धरून उभे राहिलो. यजमानांनी क्रुसाची खूण केली. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे बोलणे ऐकून पोहोचवले त्याच्या कानावरच सुरी चालली, हे माझ्या मनात आले. गेथसेमानी बागेत कापला गेलेला एक कान प्रभूने स्पर्शाने बरा केला होता. इथे त्याने तसे केले नाही. आपल्या सेवकाला त्या जखमेसह पुढे चालू दिले. याचे उत्तर माझ्याजवळ नाही. मी भावाचा नमस्कार सांगितला, एक 'आमच्या बापा' म्हटली, आणि आम्ही बस धरली.

प्रियजनहो, पन्नासाव्या दिवसाची गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो. प्रेषितांची कृत्ये, दुसरा अध्याय. यरुशलेमेत देशोदेशीचे लोक जमले होते आणि प्रत्येकाने देवाची महत्कृत्ये आपापल्या मातृभाषेत ऐकली. क्योतोहून आल्यापासून या अध्यायातील एक गोष्ट माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. पवित्र आत्म्याने त्या परक्या लोकांना गालीलकरांची भाषा शिकवली नाही. गालीलकरांना परक्यांची भाषा बोलायला लावली. भाषेचे ओझे देवाने ऐकणाऱ्यावर टाकले नाही, बोलणाऱ्यावर टाकले. देहधारणही तेच आहे. आपण स्वर्गाची भाषा शिकेपर्यंत देव थांबला नाही. तो आला आणि नासरेथच्या घरात आईकडून बोलायला शिकला.

आमच्या वडोदऱ्याच्या सरकारी इस्पितळांत नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा भागातून रुग्ण येतात. त्यांतले बरेच जण घरी मावची किंवा अहिराणी बोलतात, कामापुरते मराठी बोलतात. त्यांत आपले ख्रिस्ती बांधवही पुष्कळ आहेत. समोर डॉक्टर गुजराती. आमचा गट दर गुरुवारी जातो, तेव्हा माझ्या वाट्याला प्रार्थनेइतकेच दुभाषाचे काम येते. एकदा एक आजी म्हणत होत्या, "छातीत चमक निघते." तरुण डॉक्टरांनी तपासायला घेतले त्यांचे डोळे! हिंदी-गुजरातीत चमक म्हणजे लकाकी. आम्ही सगळे हसलो, आजीही हसल्या, आणि मग छातीची तपासणी झाली. पूर्वी हे काम मला प्रार्थनेच्या आधीची तयारी वाटायचे. आता मी त्याला प्रार्थनेतच धरते.

आमच्या गटाने आता त्या नेपाळी मुलीसारखी एक वही केली आहे. पहिल्या रकान्यात मराठी शब्द: कळ, चमक, ठणका, ठुसठुस, मुरडा, जळजळ. शेजारी गुजराती: सणका, चूंक, कळतर, बळतरा. तिसऱ्या रकान्यात अहिराणी आणि चौथ्यात मावची शब्द रुग्ण आणि त्यांचे नातेवाईकच सांगतात, आम्ही लिहून घेतो. ज्यांना कोणी काही विचारत नव्हते त्या म्हाताऱ्या बाया आता आमच्या शिक्षिका झाल्या आहेत. वही अजून पाचच पाने झाली आहे.

तुमच्या मंडळीतही असे कोणी असेल. मिस्सेनंतर मागच्या बाकावरून मुकाट निघून जाणारी परप्रांतातली सून, झारखंडहून आलेला सुरक्षारक्षक, केरळची परिचारिका. त्यांच्या भाषेतले निदान दहा शब्द शिकून घ्या. त्यांतला एक दुखण्याचा असू द्या. आणि ज्यांना परदेशी जायचे आहे त्यांनी आपला आजार, औषधे आणि काय चालत नाही ते त्या देशाच्या भाषेत लिहून घेऊन पाकिटात ठेवावे. आमच्या दोघांच्या पाकिटात आता तसा कागद आहे. त्या मुलीनेच तो जपानीत लिहून दिला. पुन्हा जपानला जाणे होईल असे नाही, पण आम्ही तो काढलेला नाही.

चला, प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी माणसाची भाषा शिकलास. तुझा सेवक गोन्सालो याने परक्यांची भाषा शिकून तुझी सेवा केली. ज्यांना आपले दुखणे सांगता येत नाही अशांजवळ आम्हांला ने. आमचे कान उघड, आमची जीभ सैल कर. दूर देशी राहून अनोळखी रुग्णांची सेवा करणाऱ्या सर्व मुलामुलींना सांभाळ, आणि त्यांच्या आईवडिलांना त्यांची खुशाली कळू दे. आमेन.